अकरा गाड्यांचा फरक

जानेवारी २०२५ मधली ही गोष्ट आहे. वर्ध्यात आमचे पाच जणांचे छोटे कार्यालय असून जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या, कारखान्यांसाठी आम्ही एक वेब अ‍ॅप्लिकेशन चालवतो. गाडी काट्यावर चढल्यापासून कास्तकाराच्या हाती हिशेबपट्टी पडून चुकारा होईपर्यंतचा सगळा व्यवहार त्यात होतो. चौदा जिनिंग ते वापरतात आणि चौदाही ठिकाणी ते थोडे वेगळे आहे. खेड्यात नेटचा भरवसा नसल्यामुळे प्रोग्रॅम जिनिंगच्या कार्यालयातल्याच संगणकावर ठेवलेला असतो, काटाघर आणि चुकाऱ्याची खिडकी त्याला तारेने जोडलेली असते. आणि ज्याच्या घरात प्रोग्रॅम, त्याचा हात त्याला लागणारच. कुणी पट्टीवर हमाली वेगळी दाखवली होती, कुणी कास्तकाराच्या नावापुढे गावाऐवजी अडत्याचे नाव आणले होते. आम्हीही कधी हरकत घेतली नव्हती, कारण त्यामुळे आमच्या फेऱ्या वाचत.

दोष होता ओलाव्याच्या कपातीत. सरकारी कापूस खरेदीत आठ टक्के ओलावा प्रमाण धरतात, बारा टक्क्यांपर्यंत जादा टक्क्यामागे भाव एक टक्का कमी करतात आणि त्याच्या वरचा कापूस घेत नाहीत. आमच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेक खाजगी जिनिंगवालेही हाच हिशेब लावतात. प्रोग्रॅम मी लिहिला तेव्हा ओलाव्याचे सुईचे मीटर डोळ्यांनी वाचत आणि अपूर्णांक वरच्या पूर्ण अंकाला नेत. मीही तसेच लिहून टाकले. पुढे दशांश दाखवणारी मीटर आली, प्रोग्रॅम मात्र ९.६ ला कपातीपुरते १० च समजत राहिला. भाव ७,००० असेल तर क्विंटलमागे ११२ ऐवजी १४० रुपये कापले जात. एका जिनिंगने हे लेखी कळवल्यावर मी एक ओळ दुरुस्त केली आणि ती सर्वांना पाठवायचे ठरवले.

हिंगणघाटच्या पुढे, वडनेरच्या बाजूला असलेल्या जिनिंगची पाळी पहिली लागली. आदल्या रात्री फोनच्या हॉटस्पॉटवरून त्यांच्या संगणकात शिरून मी मर्ज केले, म्हणजे माझी दुरुस्ती त्यांच्या प्रतीत मिसळली. मूळ आवृत्ती, आमची नवी आवृत्ती आणि त्यांची बदललेली प्रत या तिन्हींची तुलना गिट हे आवृत्त्या सांभाळणारे साधन करते, आणि एकाच जागच्या ओळी दोन्ही बाजूंनी बदललेल्या असल्या तरच कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, सांगून थांबते. माझी दुरुस्ती कपातीच्या फाइलमध्ये होती, त्यांचे बदल पट्टी छापण्याच्या फाइलमध्ये. कॉन्फ्लिक्ट आला नाही. त्यांचे बदल उघडून वाचावेत असे मला वाटले नाही, कारण ते जागच्या जागी होते, आणि तेवढ्यावर समाधान मानून मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, तुमचा प्रोग्रॅम आज कास्तकारावर लयच खुश दिसते," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी एका पट्टीचे आकडे वाचून दाखवले. मी एसटीने निघालो.

पोचलो तेव्हा आवारात गाड्यांची रांग होती. काटाघरातल्या कीबोर्डवर रुईचा पातळ थर बसलेला होता. प्रिंटर पांढरी, गुलाबी, पिवळी अशी तीन प्रतींची पट्टी खरखरत काढत होता आणि मुनीमजी प्रत्येक पिवळ्या प्रतीवर कॅल्क्युलेटरने आकडेमोड करून लाल वहीत नोंद करत होते. हा त्यांचा जुना रिवाज, ज्याला मी मनातल्या मनात हसत आलो होतो. सकाळपासून त्या दिवशी अकरा गाड्यांच्या पट्ट्यांत जादा रक्कम निघाली होती. अकरापैकी एकाही कास्तकाराने तक्रार केली नव्हती, आणि का करावी?

मी पट्टी छापणारी फाइल उघडली. शेवटच्या बेरजेच्या आधी गावातल्या संगणकवाल्या पोराने चार ओळी घातल्या होत्या: वर नेलेला ओलावा आणि खरा ओलावा यांतला फरक काढून, त्याला भाव आणि वजनाने गुणून, तेवढी रक्कम "ओलावा फरक" म्हणून कास्तकाराच्या रकमेत परत जोडायची. १८ क्विंटलच्या, ९.६ ओलाव्याच्या गाडीला आमचा प्रोग्रॅम ५०४ रुपये जादा कापत असे आणि त्या चार ओळी ते ५०४ परत देत. म्हणजे आमचा दोष त्यांनी गेल्या हंगामातच आपल्या परीने मिटवला होता. मी कपात नीट केली आणि परतफेड मात्र चालूच राहिली. त्या ओळींच्या वर त्याने लिहून ठेवले होते: "कंपनीले दोनदा फोन केला. सध्या इथंच जोडतो."

ती ओळ मी दोनदा वाचली. मुनीमजी मागे उभे होते. ते काहीच बोलले नाहीत.

चार ओळी काढून टाकल्या की काम संपले, असे मला वाटले. काढल्या, चालू गाडीची पट्टी बरोबर आली. मुनीमजींनी दिवाळीनंतरच्या एका पट्टीची नक्कल मागितली. पट्टी छापताना हिशेब नव्याने होतो, हे मी विसरलो होतो. देय रक्कम तीच निघाली, पण कास्तकाराजवळच्या पट्टीवर असलेली "ओलावा फरक" ही ओळ नकलेवरून नाहीशी झाली होती आणि कपातीचा आकडा वेगळा होता. "पुरानी पट्टी काढली तं तेच आकडे निंगाले पाहिजे," ते म्हणाले, "नाई तं कास्तकार म्हनन, मुनीमनं कागद बदलवला." त्यांचे अगदी बरोबर होते. शेवटी तारखेची अट घातली: त्या दिवसाच्या आधीच्या पट्ट्यांना जुनी कपात आणि त्या चार ओळी, पुढच्यांना नवी कपात. हे होईपर्यंत दोन तास काटा थांबला होता आणि बाहेर बैलगाडीवाले माझ्या नावाने काय बोलत होते ते मला ऐकू येत होते.

अकरा गाड्यांचे मिळून ३,८७० रुपये जास्त गेले होते. शेठजींनी ते कुणाकडूनही वळते करू दिले नाहीत. आमच्या देखभालीच्या बिलातून वजा केले.

परत आल्यावर उरलेल्या तेरा प्रती मूळ आवृत्तीशी ताडून पाहिल्या, या वेळी प्रत्येक बदल वाचून. आणखी एका ठिकाणी हीच परतफेड निराळ्या रीतीने केलेली सापडली, तिथे आधी फोन करून मग दुरुस्ती दिली. आर्वीकडच्या एका जिनिंगची प्रत मात्र अगदी कोरी होती, एका अक्षराचाही बदल नव्हता. केवळ शहानिशा म्हणून तिथल्या काटेवाल्याला विचारले, ९.६ ओलावा आला तर तुम्ही काय करता? "नऊ टाकतो ना भाऊ," तो म्हणाला, "तुमची मशीन धा धरते, आमाले मालूम हाय."