पोदोरच्या घाटावर चार दिवस

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशाच्या सँ-लुई शहरातून आम्ही पती-पत्नी सात प्रवाशांच्या जुन्या प्यूजो गाडीने निघालो आणि जानेवारीतील धुळकट वाऱ्यात सेनेगल नदीच्या कडेकडेने पूर्वेला जात दुपारी पोदोरला पोहोचलो. सेनेगलमधील हे सर्वांत उत्तरेकडचे शहर असून नदीचा समोरचा काठ मॉरिटानियाचा आहे. त्या देशाचा व्हिसा नसल्यामुळे चारही दिवस तो काठ आम्ही अलीकडूनच पाहिला.

घाटावर जुन्या व्यापारी पेढ्यांची रांग आहे आणि जवळच फ्रेंचांचा किल्ला आहे. तो 1744 मध्ये बांधला गेला आणि 1854 मध्ये पुन्हा उभारला गेला. या सगळ्या खटाटोपामागे डिंक होता. डिंक म्हटले की आपल्याला बाळंतिणीचे लाडू आठवतात. येथे उत्तरेच्या रखरखीत मुलखातून येणारा बाभळीच्या जातीचा डिंक युरोपात कापडछपाईसाठी जात असे.

मला मात्र किल्ल्यापेक्षा घाटाच्या पायऱ्यांनी अधिक धरून ठेवले. तेथे धुणे धुणाऱ्या बायकांजवळ मी रोज सकाळी बसत असे. पुलार भाषेत एकमेकींची विचारपूस लांबते: घरचे कसे, मुले कशी, काम कसे. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एकच, ‘जाम तान’, म्हणजे सारे क्षेम. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंची मावशी पलीकडच्या काठावर राहते आणि लग्नकार्याला नावेने इकडे येते, हे मला तेथेच कळले.

फ्रेंचांपूर्वी फुता तोरो हे राज्य दोन्ही काठांवर पसरलेले होते. पूर ओसरल्यावर ज्या जमिनीच्या ओल्या गाळात ज्वारी पेरतात तिला येथे ‘वालो’ म्हणतात. ही पेरणी म्हणजे आपल्याकडच्या गाळपेरीची सख्खी बहीणच. एकाच घराण्याची वालो जमीन दोन्ही तीरांवर असणे पूर्वापार चालत आले होते. 1960 मध्ये दोन्ही देश स्वतंत्र झाले आणि घर एका देशात, शेत दुसऱ्या देशात अशी कित्येकांची स्थिती झाली. पुढे दियामा आणि मनांताली ही धरणे झाली, ओलिताखाली येऊ शकणाऱ्या जमिनीचे मोल वाढले आणि एप्रिल 1989 मध्ये शेतकरी व पशुपालकांच्या एका चकमकीतून दोन्ही देशांत हिंसाचार उसळला. मॉरिटानियातून हजारो कृष्णवर्णीय नागरिकांना नदीपार हाकलण्यात आले. राजनैतिक संबंध 1992 मध्ये पुन्हा जुळले, तरी निर्वासितांची संघटित घरवापसी 2008 मध्येच सुरू होऊ शकली. मालकीणबाई त्या वर्षांविषयी फार बोलल्या नाहीत. मावशींची भेट तेव्हा कित्येक दिवस झाली नाही, एवढेच त्या म्हणाल्या, आणि मीही पुढे विचारले नाही.

दुपारी जेवायला चेबू जेन, म्हणजे मासळी घालून शिजवलेला भात असे. त्याला अख्खा तांदूळ नव्हे, कणीच लागते. आपण दुय्यम मानतो ती कणी येथे मुद्दाम निवडून घेतात, हे पाहून माझ्या पतींना फार नवल वाटले. मोठ्या परातीभोवती बसल्यावर मालकीणबाई मासळीचे चांगले तुकडे हाताने मोडून आमच्या पुढ्यात सारत.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मावशी नावेने आल्या. त्यांनी दुधाचे भांडे झाकून आणले होते. रात्री अंगणात ‘लाचिरी ए कोसाम’, म्हणजे वाफवलेल्या भरड धान्यावर ओतलेले दूध, आम्ही सगळ्यांनी एकाच परातीतून खाल्ले, आणि सकाळी आमची गाडी निघाली तेव्हा त्यांची नाव पलीकडच्या काठाला लागत होती.