तुम्ही विचारलंत म्हणून : कुत्र्याला मूळव्याध झाली तर कुठली ट्यूब लावायची?

प्राण्यांचा डॉक्टर म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. गंमत अशी की रोग कुठला आणि औषध कसलं, हे विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. माझ्याकडून फक्त ट्यूबचं नाव हवं असतं.

ते मी सांगत नाही, कारण ती बहुधा मूळव्याध नसतेच. कुत्र्यात ती फार क्वचित दिसते. आपण दोन पायांवर उभे, त्यामुळे गुदद्वाराजवळच्या शिरांवर भार येतो. कुत्र्याचं धड आडवं, आणि तिथल्या रक्तवाहिन्यांची मांडणीही वेगळी.

मग ते लाल, सुजलेलं काय असतं? शेपूट उचला आणि नीट बघा. गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी धरली, तर चार आणि आठच्या जागी कातडीखाली दोन लहान पिशव्या असतात, अ‍ॅनल ग्लँड. त्यात उग्र वासाचा द्रव साठतो आणि शी घट्ट असली की दाबाने आपोआप बाहेर पडतो. शी सतत पातळ होत असेल, कुत्रा लठ्ठ असेल, तर पिशव्या तुंबतात. मग तो बूड जमिनीला घासत पुढे सरकतो, मागे वळून वळून चाटतो, घरभर कुजक्या मासळीचा वास सुटतो. तरीही दुर्लक्ष झालं तर एका बाजूला गळू होतं, आणि ते फुटून रक्त-पू वाहिला की घरचे म्हणतात, मूळव्याध फुटली! तुंबलेली पिशवी आम्ही हातमोजा घालून, बोटाने दाबून रिकामी करतो. गळू असेल तर ते उघडून धुवावं लागतं, अँटिबायोटिक आणि वेदनाशामक द्यावं लागतं. सुजलेली पिशवी व्हिडिओ बघून घरी पिळू नका, ती आतल्या आत फुटू शकते. शिवाय अशा वेळी गरीब कुत्राही चावतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पिल्लाच्या मागून गुलाबी-लाल, ओलसर नळीसारखं काही बाहेर आलं असेल तर प्रकार वेगळा. जंतांमुळे किंवा जुलाबात कुंथून कुंथून आतडं बाहेर आलेलं असतं. सलाइनने भिजवलेलं स्वच्छ गॉज त्यावर ठेवा, ते वाळू देऊ नका, चाटू देऊ नका आणि थेट दवाखाना गाठा. आम्ही ते आत सारून भोवती तात्पुरता टाका घालतो. पण मूळ कारणावर उपचार झाले नाहीत तर ते पुन्हा बाहेर येतं.

वयस्क, न्यूटर न केलेल्या (म्हणजे अंडकोश न काढलेल्या) नराला गुदद्वाराभोवती गाठी येतात. त्यातल्या पुष्कळशा साध्या असतात, नर-हार्मोनवर पोसलेल्या, आणि न्यूटर केल्यावर आक्रसतात. पण बोटाने चाचपून साधी कुठली आणि कॅन्सरची कुठली हे छातीठोकपणे कुणीच सांगू नये, सुईने नमुना घ्यावाच. अ‍ॅनल ग्लँडच्या कॅन्सरमध्ये कधीकधी रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि कुत्रा भरमसाट पाणी पिऊ लागतो. मालकाला ती तहान आणि मागची गाठ एकमेकांशी जोडावीशी वाटत नाही, म्हणून मी मुद्दाम विचारतो. अशाच वयस्क, न्यूटर न केलेल्या नरांना गुदद्वाराच्या बाजूला हर्नियाही होतो. त्यात मूत्राशय अडकलं तर लघवी बंद होते, आणि मग सकाळपर्यंत थांबायचं नाही.

जर्मन शेफर्डच्या बाबतीत तिथे वाहत्या जखमा दिसल्या तर भगंदराची शंका घ्यावी. ते दुखणं चिवट असतं, औषधं बराच काळ चालतात.

राहिली ट्यूब. तुम्ही लावाल आणि पुढच्या मिनिटाला तो ती चाटून पोटात घेईल. माणसांच्या काही मलमांत भूल देणारं औषध असतं, काहींत झिंक ऑक्साइड. जास्त झिंक पोटात गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटॅमॉलही देऊ नका.

दवाखान्यात पोचेपर्यंत गळ्यात चाटू न देणारी, शंकूसारखी कॉलर घाला, जागा कोमट पाण्याने हलकेच पुसा. आणि मला फोन करण्याआधी फोटो पाठवा, सोबत वय, न्यूटर झालंय की नाही, शी-लघवी कशी होतेय, हे लिहा. शेपूट धरायला मात्र दुसरं कुणीतरी घ्या. एकट्याने काढलेल्या फोटोत मला नेहमी फक्त शेपूटच दिसतं.