आडवा रस्ता आणि सिंगापूरचा नाला

सिंगापुरात बारा दिवस होतो. त्यातले आठ लेकीच्या घरी एसीत गेले, दोन मॉलमध्ये आणि एक सेंटोसा या सहलीच्या बेटावरच्या रांगांमध्ये. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. उरलेला एक दिवस नाल्याकाठी गेला. बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

आधी कबुली. मी एका महापालिकेच्या रस्ते विभागातून निवृत्त झालो. (कुठल्या ते विचारू नका, पेन्शन तिथूनच येते.) शेवटची काही वर्षं सायकल ट्रॅकची कामं माझ्याकडे होती. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, नोंद रनिंग मीटरमध्ये व्हायची. पेव्हर ब्लॉक इतके मीटर, कर्ब इतके मीटर. चौक आला की एक टेंडर संपायचं, चौकापलीकडे दुसरं सुरू व्हायचं. मधला चौक कोणाचाच नसायचा. एके ठिकाणी तर ट्रॅकच्या मधोमध विजेची डीपी होती. ती हलवण्याचे पैसे कोणी भरायचे यावर दोन वर्षं पत्रं फिरली. शेवटी मी ट्रॅकलाच डीपीभोवती वळसा दिला, तोही इतका अरुंद की सायकलचं हँडल घासायचं. बिलात मात्र वळशाचे मीटरही धरले.

तर लेक राहते बिशानला. घराजवळ मोठी बाग आहे आणि बागेतून कलांग नदी वाहते. नदी म्हणजे आमच्या भाषेत नालाच, जेमतेम 10 किलोमीटर, पण सिंगापुरातली सर्वांत लांब हीच! पूर्वी ती या बागेच्या कडेने काँक्रीटच्या सरळसोट कालव्यातून जायची. 2012 पर्यंत तो कालवा फोडून नदीला पुन्हा वळणं दिली, काठ मातीचे केले. फोडलेल्या काँक्रीटची बागेतच टेकडी केली आहे. मी त्या टेकडीवर मुद्दाम उभा राहिलो. आमच्याकडचा राडारोडा कुठल्या नदीत जातो ते मला चांगलंच माहीत आहे.

सकाळी भाड्याची सायकल घेतली, लेकीने मोबाइलवर उघडून दिली. ‘‘बाबा, डावीकडून चालवा आणि कोणाशी वाद घालू नका.’’ पंधरा वर्षांनी सायकलवर बसत होतो. पहिला किलोमीटर गुडघ्यांशी वाद घालण्यातच गेला.

इथे या वाटांना पार्क कनेक्टर म्हणतात. बागा एकमेकींना जोडायच्या, ही कल्पना 1990 च्या दशकातली. आज 300 किलोमीटरच्या वर जाळं झालंय. एवढ्याशा बेटावर जागा आणली कुठून, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर चाकाखालीच होतं. नाल्याची साफसफाई करायला काठाने एक पट्टी मोकळी ठेवावी लागते. तिथे इमारत बांधता येत नाही आणि ती कोणाच्या डोळ्यांतही भरत नाही. वाट त्याच पट्टीवरून नेली. भूसंपादन नाही, कोर्टकचेरी नाही.

दुसरी गोष्ट मला पुलाखाली कळली. बाग संपली, काठ पुन्हा काँक्रीटचे झाले आणि समोर मोठा रस्ता आडवा आला. मी सवयीने ब्रेक दाबून सिग्नल शोधायला लागलो. वाट मात्र हळूच खाली उतरली आणि पाण्याच्या कडेने पुलाखाली शिरली. डोक्यावर पुलाचा स्लॅब, इतका खाली की मी मान वाकवून सायकल ढकलत नेली. वर गाड्यांचा घुमणारा आवाज, शेजारी संथ पाणी. अहो, नाला कधी चौकात थांबतो का? त्याच्यावर पूल बांधणं रस्त्यालाच भाग असतं. मग नाल्याचा हात धरून चालणाऱ्या वाटेला तो पूल फुकटच मिळतो. पावसात पाणी चढलं की ही वाट बंद, तेवढी किंमत मोजायची. आमच्या शहरातही नाले आहेत. तीस वर्षं मी त्यांच्यावर स्लॅब टाकून पार्किंग केलं.

पुढे एक गल्लीवजा रस्ता आडवा आला, आणि तिथे माझा खरा खोळंबा झाला. वाट जिथे डांबराला मिळते तिथे सायकलला हिसका बसलाच नाही. मागे गेलो, पुन्हा आलो. हिसका नाही. मग उतरलो, गुडघे टेकले आणि सांध्यावरून तळवा फिरवला. काँक्रीट कुठे संपलं आणि डांबर कुठे सुरू झालं ते फक्त खरखरीतपणावरून कळलं. मोजपट्टी नव्हती म्हणून डॉलरचं नाणं आडवं सरकवून पाहिलं. कुठेच अडकलं नाही.

तेवढ्यात पळायला आलेले एक चिनी काका घाबरून थांबले. ‘‘अंकल, ओके आ?’’ त्यांना वाटलं, म्हातारा उन्हाने पडला. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी जमिनीकडे बोट दाखवून म्हणालो, ‘‘रोड... व्हेरी गुड.’’ त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाटली माझ्याच हातात ठेवून पळत निघून गेले.

सगळं इतकं गुळगुळीत नाही, हेही सांगतो. एक्सप्रेसवे आला तिथे वाटेने हात टेकले. खालून जायची सोय नव्हती. पादचारी पुलाच्या लांबलचक उतारावरून सायकल ढकलत चढा, पलीकडे ढकलत उतरा. बिशानपासून शहरापर्यंत न उतरता जाता यावं म्हणून पूल आणि भुयारी मार्गांची योजना त्यांनी आखली होती म्हणे, पण माझ्या घामाला तिचा काय उपयोग? खरं सांगू, चढताना वैतागलो आणि वर पोहोचल्यावर फार बरं वाटलं. इथल्याही कोणाच्या तरी एमबीत चौक राहून गेला होता.

कलांगच्या मुखापाशी पोहोचलो तेव्हा शर्ट पिळण्याजोगा झाला होता. सायकल पिवळ्या चौकोनात नीट उभी केली, पण तिथला कोड स्कॅन करायचा राहिला. पाच डॉलर दंड. म्हणजे तीनशेच्या वर रुपये. लेक हसत होती, मी त्या दंडात किती वडापाव आले असते ते मोजत होतो.

रात्री त्या सांध्याचा फोटो आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर टाकला. तासभर कोणी काही बोललं नाही. मग माझ्या जुन्या उपअभियंत्याचा मेसेज आला, ‘‘डीपी कुठे हलवली?’’