पायरीएवढा उशीर

बसला उशीर होतो तो धावताना नव्हे, थांब्यावर उभी असताना, हे मला एका आजींच्या मागे उभं राहून कळलं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दाराचा दांडा, आणि त्या पहिल्या उंच पायरीवर पाऊल टाकू की नको असा विचार. मागून "चला, चला" सुरूच. कोणी पिशवी घेतली, कोणी दंड धरला, आजी एकदाच्या चढल्या. मग दारातच सुट्या पैशांचा घोळ. तोवर पुढचा सिग्नल सुटून पुन्हा लाल.

बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे बस जलद धावावी म्हणून केलेली वेगळी व्यवस्था) म्हटलं की लोकांना बसची राखीव मार्गिका आठवते. मला ती पायरी आठवते. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ मध्येच बसला वेगळी वाट करून दिली होती; पण १९९१ साली तिथे काचेच्या नळीसारखे थांबे उभे राहिले, त्यांचं मला जास्त अप्रूप. पैसे थांब्यात शिरतानाच द्यायचे, फलाट बसच्या तळाइतका उंच, आणि बस आली की तिच्या दारातली फळी फलाटावर टेकते. चढायचं नाहीच, नुसतं चालत आत जायचं. (तिथले तेव्हाचे महापौर झाइमे लर्नर मूळचे वास्तुरचनाकार. पायरी त्यांच्या नजरेला खुपली असेल तर नवल नाही.)

मार्गिका हवीच, पण तिचं दिसणं फसवं. साठ माणसांची बस क्षणात निघून जाते आणि मागे रस्ता मोकळा दिसतो. शेजारी मोटारींची रांग, एकेकीत बहुधा एकच जण, त्या मोकळ्या पट्ट्याकडे बघून चरफडणारा. दिल्लीतला २००८ चा बीआरटी मार्ग २०१६ मध्ये उखडला गेला, त्यात या चरफडीचा वाटा मोठा. कोलंबियातल्या बोगोटा शहराने मात्र २००० साली रस्त्याची आणखी जागा बसला दिली: थांब्यांपाशी मार्गिका दुहेरी, म्हणजे उभ्या बसला ओलांडून मागची जलद बस पुढे जाते.

मध्यंतरी अशाच एका, रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यावर उभा होतो. उंच फलाट, सरकती दारं, सगळं जागच्या जागी. बस आली आणि फलाटापासून हातभर लांब थांबली. मधे काळी फट. पुढच्या बाईंनी फटीत डोकावून पाहिलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि मागे वळून म्हणाल्या, "जरा हात देता का?"