डाळीचं पाणी

दुपारी कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, तरी तुरीची डाळ दाण्याला दाणा. आमच्या खारपाणपट्ट्यात याचं नवल नाही. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि पाव्हणा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो. पण डाळ अडली की मला हटकून बुऱ्हाणपूर आठवतं.

मागच्या हिवाळ्यात, कापसाची दुसरी वेचणी आटोपल्यावर, मी अन् माझा एक दोस्त दोन दिवस जाऊन आलो. जळगाव जामोदहून सातपुडा ओलांडला की आलंच. 1956 पर्यंत ते अन् आपलं वऱ्हाड एकाच राज्यात होतं, म्हणून असेल, दुसऱ्या राज्यात गेल्यासारखं वाटत नाही. यष्टीच्या खिडक्या खडखडत होत्या, दोस्ताच्या कानाला मफलर आणि मांडीवर उकडलेल्या तुरीच्या शेंगा.

जामा मशिदीत अरबी लेखासोबत चक्क संस्कृत लेख आहे, फारुकी सुलतानाच्या काळातला. दोस्त 'श्री'च्या पुढं सरकला नाही. तापीपलीकडं आहूखाना, मुघलांची हरणांची बाग. 1631 च्या जूनमध्ये, चौदाव्या बाळंतपणात मुमताज बुऱ्हाणपुरात गेली. तिला आधी इथंच पुरलं आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं.

"म्हंजे थंडीतच नेली," दोस्त म्हणाला, आणि त्यानं मफलर आवळला.

माझा जीव मात्र कुंडी भंडाऱ्यात अडकला होता. माळावर ओळीनं शंभरावर कुंड्या, विहिरीच्या तोंडासारख्या. त्यांच्या पोटातून भुयार. सातपुड्यातून झिरपलेलं पाणी नुसत्या उतारानं शहराकडं जातं, मोटार नाही की पंप नाही. मुघल सुभेदार खानखाना अब्दुर रहीमच्या वेळचं, 1615 च्या सुमाराचं काम. लिफ्टनं ऐंशी फूट खाली उतरलो. वर कुडकुडत होतो, खाली ऊबदार. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, हात लावला तर गुळगुळीत, दह्याच्या कवडीसारखे. आणि पायाशी नितळ पाणी.

कुठंही गेलो की आधी पाणी चाखायचं, ही माझी जुनी खोड. ओंजळ भरली. गोडं!

लहानपणी आमच्या घरी पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, असत. एक वापरायचा, दुसरा डाळीचा. डाळीचं पाणी आजी पहाटे दोन कोसांवरच्या विहिरीवरून आणायची, झाकणावर पाटा ठेवायची. तो पाटा आवाज न करता सरकवायची कला मला सातव्या वर्षी साधली होती. पण तांब्या ओला राहायचा.

"डाळीचं पाणी पेलास काय रे, मेल्या?"

तेव्हापासून गोडं पाणी मला चोरीचंच लागतं. त्या भुयारातही मी मागं वळून पाहिलं.

"राजवाडा पाह्याले आला का पाणी प्याले?" दोस्ताचं लक्ष मावा जिलबीकडं लागलेलं. मी गुपचूप बाटली भरून घेतली.

संध्याकाळी जिलबी खाल्ली. काळीकुट्ट, जाड, पाकानं जड. दोस्तानं पाव किलो संपवली, मग रात्रभर पाणी मागत होता. बाटली मी उशाखाली ठेवली.

घरी आल्यावर आईला म्हटलं, याच्यात वाटीभर डाळ टाक. तिनं टाकली. सात शिट्ट्या झाल्या. चुन्याचंच पाणी ते. डाळ दाण्याला दाणा.