नवी एसएसडी, जुनी डिस्क आणि शंभर एमबीचा कप्पा

संगणकात नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून तिच्यावर विंडोज टाकण्याचे काम मी आतापर्यंत दोनदा केले आहे. पहिल्या खेपेला ते तासाभरात उरकले आणि सगळे सुरळीत पार पडले, अशा समजुतीत मी दोन महिने होतो. मग एके दिवशी, आता हिचे काही काम उरले नाही म्हणून, जुनी हार्ड डिस्क काढून ठेवली आणि बटण दाबले, तर बूट करण्याजोगे उपकरण सापडत नसल्याचा निरोप काळ्या पडद्यावर उमटला. विंडोज तर नव्या एसएसडीवर होती आणि तिला मी हातही लावला नव्हता.

उलगडा व्हायला एक संध्याकाळ गेली. यूईएफआय, म्हणजे संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीच्या संगणकात सुरू होण्याचा पहिला टप्पा ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाच्या एका लहानशा कप्प्यातून पार पडतो. हा कप्पा फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या स्वरूपाचा, बहुधा १०० एमबीच्या आसपास असतो आणि फाइल एक्स्प्लोररमध्ये एरवी दिसतही नाही. मदरबोर्डवरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्यातच भरलेले सॉफ्टवेअर, त्यातला बूट मॅनेजर उचलते आणि तो पुढे विंडोज सुरू करतो. संगणकात जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर असा कप्पा आधीपासून असला, तर विंडोजचा इन्स्टॉलर पुष्कळदा नव्या डिस्कवर वेगळा कप्पा न करता त्या जुन्यातच आपल्या फाइली ठेवून मोकळा होतो आणि याबद्दल वापरणाऱ्याला अवाक्षरही सांगत नाही. माझ्याकडे नेमके हेच झाले होते: घर नव्या एसएसडीवर आणि दाराची किल्ली जुन्या डिस्कवर.

हे दुरुस्त करता येते. इन्स्टॉलरच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून शिफ्ट आणि एफ१० दाबले की कमांड प्रॉम्प्ट उघडतो. तिथे डिस्कपार्ट या डिस्कचे कप्पे करणाऱ्या आज्ञेने विंडोजचे पार्टिशन (कप्पा) थोडे आक्रसून नवा ईएफआय कप्पा करायचा, तो फॅट३२ने फॉरमॅट करायचा आणि मग बीसीडीबूट या आज्ञेने बूटच्या फाइली त्यात उतरवायच्या. मला हे जमले खरे, पण डिस्कपार्टमध्ये डिस्क ० की डिस्क १ एवढ्या एका आकड्याची चूक झाली तर सगळा डेटा जाऊ शकतो, हे ठाऊक असताना एंटर दाबण्याचा तो अनुभव पुन्हा नको, असे तेव्हाच ठरवले.

म्हणून दुसऱ्या खेपेला, आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन, संगणक बंद करून वीज तोडल्यावर पहिले काम केले ते जुनी डिस्क सोडवण्याचे. जुनी डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी, कारण पुढे ती नव्या विंडोजला जोडल्यावर हीच की मागितली जाते. मग मदरबोर्डवरच्या एम.२ नावाच्या खाचेत एसएसडी बसवली. तिचे माप २२८०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. ती तिरकी सरकवायची असते आणि पूर्ण आत गेली तरी मोकळे टोक वर उचललेलेच राहते, त्यामुळे नीट बसली नाही की काय, अशी शंका येते. ते टोक बोटाने खाली दाबून स्क्रू लावायचा. हा स्क्रू इतका बारीक असतो की माझा मदरबोर्डवर पडून एका कपॅसिटरच्या मागे जाऊन बसला आणि तो काढण्यात जेवढा वेळ गेला तेवढा एसएसडी बसवण्यातही गेला नाही. खाच एम.२ असली म्हणजे ती एनव्हीएमई (अधिक वेगवान जातीची) एसएसडी घेईलच असे नाही. काही खाचा फक्त साटा या जुन्या, संथ जातीच्या असतात, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी.

इन्स्टॉलरसाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. आयएसओमधल्या (विंडोजच्या इन्स्टॉलरच्या एकत्रित फाइलीतल्या) फाइली हाताने त्यावर उतरवायला गेल्यास बहुधा एक मोठी फाइल अडते, कारण फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेन ड्राइव्ह तयार केला की हा प्रश्न उरत नाही. बूट मेन्यूत एकच पेन ड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नावाआधी यूईएफआय असे लिहून आणि एकदा तसे न लिहिता. पहिलाच निवडावा. दुसरा निवडला तर इन्स्टॉलर जुन्या बायोस पद्धतीने चालतो आणि कोऱ्या डिस्कवर जीपीटी या कप्प्यांची नोंद ठेवण्याच्या नव्या रचनेऐवजी एमबीआर ही जुनी रचना करतो, जी एरवीच्या डिस्कवर २ टीबीपुढची जागा वापरूच शकत नाही.

काही इंटेल लॅपटॉपांवर या टप्प्याला डिस्कांची यादीच रिकामी दिसते. अशा वेळी एसएसडी खराब निघाली असे समजून ती परत करण्याची घाई करू नये. बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय) चालू असेल आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसेल तर असे होते. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर उतरवून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवला आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवला की एसएसडी यादीत येते.

माझ्या यादीत ती लगेच दिसली: ९३१ जीबी, सगळी मोकळी. १ टीबीचे ९३१ का, तर उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४च्या. जागा कोणी चोरलेली नसते. त्या मोकळ्या जागेवर एकही पार्टिशन स्वतः न करता सरळ ‘नेक्स्ट’ दाबले. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर, इतर काहीही करण्याआधी, डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिले, तर सी ड्राइव्हच्या डावीकडे, त्याच एसएसडीवर, १०० एमबीचा ईएफआय कप्पा होता. त्यानंतरच संगणक बंद करून जुनी डिस्क परत जोडली.