हाड जिवंत असतं हो!

सांगाडा म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो लॅबमधला पांढरा, तारेने जोडलेला, आणि घोळ तिथेच होतो, कारण ती वाळलेली हाडं असतात. आपल्या आतलं हाड ओलं असतं, त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात, आणि वरच्या पातळ आवरणात नसा इतक्या असतात की फ्रॅक्चर झालं की जीव नकोसा होतो.

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम हे पण खरं नाही. कोंबडीचं बारीक हाड साफ करून काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, आकार तोच राहतो पण हातात घेतलं की चक्क वाकतं, कारण क्षार विरघळून गेले आणि कोलॅजेन, म्हणजे हाडातलं लवचीक प्रथिन, तेवढं उरलं. तेच हाड नीट जाळलं तर उलटं होतं, कोलॅजेन जळून जातं, क्षार राहतात आणि बोटाने दाबलं तरी चुरा होतो. दोन्ही मिळून हाड होतं, एकट्याने नाही.

आता मला सगळ्यात भारी वाटतं ते सांगते. हाड सतत मोडलं आणि बांधलं जात असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवून खड्डा करतात, मागून ऑस्टिओब्लास्ट येऊन तो भरतात, मोठ्या माणसात वर्षाला साधारण 10 टक्के हाड असं बदलतं. कुठे भरायचं ते ठरतं भारावरून! वजन पडलं की हाड किंचित दबतं, आतल्या केसाहून बारीक नळ्यांमधला द्रव हलतो आणि तिथे बसलेल्या पेशींना ते कळतं. भाराप्रमाणे हाड घडतं हे ज्युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने 1892 मध्येच मांडलं होतं. टेनिसपटूंच्या खेळायच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, आणि अंतराळात भारच नाही म्हणून अंतराळवीरांच्या कंबरेच्या, मांडीच्या हाडांची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्के कमी होते, व्यायाम नीट केला नाही तर.

आणि हा भार नुसता शरीराच्या वजनाचा नसतो बरं का, स्नायूंचा असतो. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही, म्हणून कोपर वाकवायला एक आणि सरळ करायला दुसरा लागतो. बायसेप्स कोपराच्या अगदी जवळ जोडलेला आणि वजन लांब तळहातात, त्यामुळे 1 किलो धरलं तरी स्नायूला त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, तो सगळा हाडावर येतो.

म्हणून प्लास्टर काढल्यावर हात बघा, काडीसारखा झालेला, कातडी कोरडी, पापुद्रे सुटलेले. स्नायू बारीक झालेला डोळ्यांना दिसतो, हाड आतून विरळ झालेलं दिसत नाही. वयस्कर माणसांना आपण प्रेमापोटी "बसा तुम्ही, काही उचलू नका" म्हणतो ना, त्याचा मला खरंच त्रास होतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, हाड खाणाऱ्या पेशी आधीच जोरात असतात, त्यात चालणंही बंद केलं तर भरणार कसं? गोळ्या द्या, ड जीवनसत्त्वासाठी कातडीला ऊन लागू द्या, पण भारही द्या. हाड खूप ठिसूळ असेल तर वाकून वजन उचलणं, झटक्यात वळणं टाळायचं, आणि किती वजन, कधीपासून, हे डॉक्टरांना नाहीतर फिजिओला स्पष्ट विचारून घ्यायचं.